फिरत्या किपरची बाजू

“किपिंगला स्कोप नाही, पोराला बॅटिंगवर लक्ष द्यायला सांगा.” हा सल्ला लोणी काळभोरच्या नेटवर मिळतो, हडपसरला मिळतो आणि पुण्यातल्या जुन्या क्लबांतही मिळतो. देणारे अनुभवी असतात आणि त्यांच्याकडे दाखले तयार असतात. आता नुसता किपर कोण घेतो? बॅट्समनच्याच हातात ग्लोव्हज देतात. आणि घेतलाच एखादा, तर त्याचं पुढे काय होतं बघा. आपल्या राज्यात जागा नाही म्हणून दुसऱ्या राज्यात, तिथून तिसऱ्या. चार संघांच्या टोप्या जमवायच्या आणि मग कुठंतरी कोच म्हणून चिकटायचं. इंडिया खेळला का? खेळला असलाच तर पाच-सहा टेस्ट. म्हणजे वायाच गेला की!

ऐकायला हे मोठं व्यवहारी वाटतं. शनिवार-रविवारी पोराला स्कूटरवर किटबॅगसकट नेटवर आणणाऱ्या बापाला ते पटतंही. पण यातलं एकेक वाक्य हातात घेऊन तपासलं की डळमळायला लागतं.

सुरुवात पुण्यापासूनच करू. भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू खेळला तो एका किपरनं. जनार्दन ज्ञानोबा नवले त्यांचं नाव. जन्म फुलगावचा, शाळा पुण्यातली भावे स्कूल. जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर ते नाऊमल जेऊमल यांच्याबरोबर सलामीला गेले. दोन डावांत धावा 12 आणि 13. आजच्या नेटवरच्या भाषेत सांगायचं तर नापास. पण त्याच सामन्यात इंग्लंडचे पहिले तीन गडी 19 धावांत गेले, मोहम्मद निसार आणि अमर सिंग यांनी लॉर्ड्सला घाम फोडला, तेव्हा त्या दोघांचे चेंडू दिवसभर अडवत नवलेच उभे होते. निसार त्या काळातला अतिशय वेगवान गोलंदाज, अमर सिंग चेंडू दोन्हीकडे वळवणारा. त्यांच्यामागे उभं राहणं हे काम काय होतं, याची नोंद धावफलकावर कुठंही नाही.

डिसेंबर 1933 मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली. नवले त्यातही खेळले आणि तिथंच त्यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढच्या महिन्यात कलकत्त्याच्या कसोटीत यष्टीमागे दिलावर हुसेन आले आणि त्यांनी पदार्पणातच 59 आणि 57 धावा काढल्या. म्हणजे ‘आता नुसता किपर चालत नाही’ हा शोध गिलख्रिस्टचा नाही, धोनीचा नाही, आयपीएलचा तर नाहीच. भारताचा तिसराच कसोटी सामना होता तेव्हाही हेच चाललं होतं. नव्वद वर्षं जो धंदा ‘आता संपला’ म्हणून सांगितला जातोय आणि तरीही प्रत्येक संघाला ज्याच्यासाठी माणूस शोधावाच लागतो, तो धंदा संपला असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

नवले यांचं नाव काढलं की दुसरी बाजू लगेच पुढे येते: उतारवयात त्यांनी साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली, पुण्यात दोन खोल्यांत राहिले, 1979 साली गेले. बघा, किपरचं हे असं होतं! पण हे किपरचं झालं नाही. संस्थानिकांच्या आश्रयावर आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांवर जगणाऱ्या त्या पिढीतल्या कित्येक फलंदाज-गोलंदाजांचंही तेच झालं. त्याचा दोष यष्टीमागच्या जागेला लावणं म्हणजे आजाराचं खापर पेशंटच्या शर्टावर फोडणं.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू, कारण ‘वाया गेला’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते जवळून पाहिलेलं नसतं. ते पाहतात बाउंड्रीवरून, आणि तिथून किपर म्हणजे वाकून उभा असलेला एक माणूस. दिवसात 90 षटकं म्हणजे 540 चेंडू. नो-बॉल, वाइड वेगळे. तितक्या वेळा बसायचं आणि तितक्या वेळा उठायचं. उठायचंही कसं? चेंडूबरोबर, त्याच्या उसळीबरोबर. आधी उठला तर खाली राहिलेला चेंडू पायांमधून जातो. बोटांना चिकटपट्टी, तिच्यावर ओले करून घातलेले पातळ आतले ग्लोव्हज, त्यावर बाहेरचे. सायंकाळी ते काढले की तळहात सुजून लाल झालेला असतो, आणि जुन्या किपरची करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट सरळ असेल तर तो नशीबवान.

सगळ्यात अवघड क्षण प्रेक्षकांना दिसतच नाही. डावखुरा फिरकी गोलंदाज आहे, किपर यष्टीला चिकटून उभा आहे, चेंडू लेग स्टंपच्या बाहेर पडतोय. टप्पा पडताक्षणी फलंदाजाचं अख्खं शरीर मध्ये येतं. शेवटचे दीड-दोन मीटर किपर आंधळा असतो. चेंडू कुठून बाहेर येईल हे त्याला टप्प्यावरून, गोलंदाजाच्या मनगटावरून आणि त्या खेळपट्टीवर मघाशी काय झालं होतं यावरून ठरवावं लागतं. फलंदाजाचा मागचा पाय क्षणभर उचलला गेला तर बेल उडवायला वेळ किती? डोळ्याची पापणी लवते तेवढा. हे जमलं तर विकेट गोलंदाजाच्या खात्यात जमा होते आणि किपरचं नाव नुसतं त्याच्या शेजारी लागतं. नाही जमलं, चेंडू निसटून गेला, तर ‘बाय 4’. ही चार धावांची रक्कम गोलंदाजाच्या खात्यावर जात नाही, फलंदाजाच्याही नाही. ती कुणाची हे मात्र अख्ख्या मैदानाला ठाऊक असतं.

स्कोअरबुकाची हीच गोम आहे. किपरच्या चुका त्यात उठून दिसतात, त्याचं चांगलं काम दिसत नाही. अडवलेल्या बायला रकाना नाही. फिल्डरनं टाकलेला वेडावाकडा थ्रो उचलून ओव्हरथ्रो वाचवला, त्याला रकाना नाही. दुपारी तीनच्या सुमाराला गोलंदाजाचा हात खाली पडायला लागलाय हे सगळ्यांत आधी किपरला कळतं, कारण चेंडू त्याच्या ग्लोव्हजमध्ये आधीपेक्षा खाली येऊ लागतो. तो कर्णधाराच्या कानात ते सांगतो, गोलंदाज बदलतो, विकेट पडते. यालाही रकाना नाही. आणि रकाना नाही म्हणून गुण नाहीत असं धरून आपण चौदा वर्षांच्या पोरांची निवड करतो.

याच्या उलट काय होऊ शकतं ते पाहायचं तर अमेरिकेतल्या बेसबॉलकडे बघावं. क्रिकेटच्या किपरचा सख्खा भाऊ म्हणजे बेसबॉलचा कॅचर. पिचर फेकणार, फलंदाजाच्या मागे कॅचर उकिडवा बसणार, त्याच्या मागे अंपायर. तिथंही हीच तक्रार होती: कॅचरला बॅटिंग येत नसेल तर तो संघावर ओझं. असे कॅचर दहा-पंधरा वर्षं एका संघातून दुसऱ्या संघात फिरत राहत, बहुतेक वेळा राखीव म्हणून. होसे मोलिना हा पोर्तो रिकोचा कॅचर त्यातलाच. शिकागो कब्स, मग एंजल्स, मग न्यूयॉर्क यांकीज, मग टोरांटो. पंधरा हंगामांतली फलंदाजीची सरासरी .233, म्हणजे त्या खेळाच्या मानानं सुमार. आपल्या नेटवरच्या जाणकारांनी त्याला केव्हाच घरी पाठवला असता.

मग कॅमेरे आले. 2007-08 च्या सुमाराला तिथल्या प्रत्येक मैदानावर प्रत्येक फेकीचा मार्ग कॅमेऱ्यानं मोजला जाऊ लागला, तेव्हा प्रथमच तपासता आलं की काठावरची फेक कोणता कॅचर कशी झेलतो आणि अंपायर तिला काय ठरवतो. हात न हलवता, शांतपणे झेललेल्या काठावरच्या फेकी जास्त वेळा ‘स्ट्राइक’, म्हणजे पिचरच्या बाजूच्या, ठरतात. माईक फास्ट या विश्लेषकानं 2011 मध्ये हा हिशेब मांडला आणि निघालं काय, तर या एका कौशल्यातून काही कॅचर हंगामात आपल्या संघाच्या कितीतरी धावा वाचवत होते. आणि त्या यादीत वरच्या टोकाला होता तोच सुमार फलंदाज मोलिना. त्याच वर्षाअखेरीस टँपा बेच्या संघानं त्याला करारबद्ध केलं. वय छत्तीस. पुढचे तीन हंगाम तो तिथं खेळला. मोलिना बदलला नव्हता, मोजपट्टी बदलली होती.

भारतीय क्रिकेटमध्ये ती मोजपट्टी अजून आलेली नाही. पण डोळे आहेत. गहुंज्याच्या स्टेडियमवर ऑक्टोबर 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी ज्यांनी पाहिली त्यांना वृद्धिमान साहानं लेगच्या बाजूला झेपावून घेतलेला डी ब्रुइनचा झेल आठवत असेल. गोलंदाज उमेश यादव. लेगला गेलेला तो चेंडू गोलंदाजाच्या दृष्टीनं चुकलेलाच होता. किपर साधारण असता तर चार धावा गेल्या असत्या. साहाला आपल्याकडून पार्टी द्यायला हवी, असं उमेशनं नंतर हसत कबूल केलं. त्या वेळी ऋषभ पंत संघात होता, बॅट त्याचीच मोठी होती, आणि तरी मायदेशातल्या वळणाऱ्या खेळपट्ट्यांवर निवड समितीनं साहाला पुढे केलं. ‘नुसता किपर कोण घेतो’ याला हे गहुंज्यातलं उत्तर.

फिरण्याचा आक्षेप जास्त गमतीशीर आहे. आषाढात तुकोबांची पालखी पुणे सोडून पहिल्या मुक्कामाला जिथं येते त्या या लोणी काळभोरच्या पंचक्रोशीत हिवाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. तिथं बाहेरच्या तालुक्यातून, कधी बाहेरच्या जिल्ह्यातून आणलेला गोलंदाज असतो. माइकवरचा निवेदक त्याचं नाव घेताना गावचं, तालुक्याचं नाव अभिमानानं जोडतो. त्याच्या मानधनाची चर्चा मंडपात कौतुकानं होते. कुणी त्याला भाडोत्री म्हणत नाही. उलट ज्या संघाकडे ‘बाहेरचा’ नाही तो संघ गरीब समजला जातो. आणि हीच माणसं रणजीतल्या पाहुण्या खेळाडूकडे पाहताना नाक मुरडतात! बीसीसीआयच्या नियमानुसार राज्याला तीन बाहेरचे खेळाडू घेता येतात. त्यासाठी आपल्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं, समोरच्या संघटनेनं विचारावं लागतं. म्हणजे कुणाला तरी तो हवा असतो. नको असलेल्या माणसाला तीनपैकी एक जागा कुणी देत नाही.

किपरच्या बाबतीत तर फिरण्याला साधं गणित आहे. अकराजणांत फलंदाजाच्या जागा सहा, गोलंदाजाच्या चार-पाच, किपरची एक. एका जागेवर एखादा किरण मोरे बसला की मागचा माणूस पाच-सात वर्षं अडकतो, मग तो कितीही चांगला असो. सलामीच्या फलंदाजाला तीन नंबरवर ढकलता येतं. दुसऱ्या किपरला दुसऱ्या स्लिपला उभं करून काही उपयोग नाही. तेव्हा त्यानं एकतर डगआउटमध्ये पाणी वाहायचं किंवा गाव बदलायचं. गाव बदलणं हा पराभव कसा?

चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीकडे या नजरेनं पाहावं. रमाकांत आचरेकर यांच्या तालमीतला हा मुंबईचा किपर-फलंदाज. 1986 मध्ये लीड्सला कसोटीत पदार्पण झालं तेही फलंदाज म्हणून, कारण ग्लोव्हज मोरेंकडे होते. 1987 च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडले आणि आयत्या वेळी पंडित आत आले, इंग्लंडविरुद्ध 24 धावा केल्या. भारत हरला. असं ‘आयत्या वेळी’ त्यांच्या वाट्याला सतत आलं. 1992 पर्यंत पाच कसोटी, 36 एकदिवसीय सामने, आणि आंतरराष्ट्रीय खेळ संपला. नेटवरच्या हिशेबात इथं रेघ मारून खाली ‘वाया’ लिहून टाकतात.

पण या माणसानं प्रथम श्रेणीत आठ हजारांहून जास्त धावा केल्या आणि मुंबई सोडून मध्य प्रदेशात गेल्यावर तिथलं कर्णधारपदही केलं. 1998-99 चा रणजी अंतिम सामना बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकाविरुद्ध झाला. मध्य प्रदेशानं पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचा होता. शेवटच्या दिवशी फक्त टिकायचं होतं. विजय भारद्वाजच्या ऑफस्पिनपुढे संघ 150 मध्ये कोसळला आणि 96 धावांनी हरला. कर्णधार पंडित.

त्यानंतरचा त्यांचा प्रवास क्रमानं पाहावा. प्रशिक्षक म्हणून मुंबईबरोबर 2002-03 आणि 2003-04 चा रणजी करंडक, मग 2015-16 चा. पुढे विदर्भ. तोवर विदर्भानं कधीही रणजी जिंकलेली नव्हती. मोठ्या संघांच्या गटात पडला की हरणारा संघ अशीच त्याची ओळख. 2017-18 मध्ये इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून त्यांनी पहिली रणजी जिंकली, आणि ही लॉटरी आहे असं म्हणेपर्यंत पुढच्या वर्षी दुसरी. मग परत मध्य प्रदेश. जून 2022 मध्ये, त्याच चिन्नास्वामी स्टेडियमवर, मध्य प्रदेशानं अंतिम सामन्यात मुंबईला सहा गडी राखून हरवलं. मुंबईच्या 374 ला उत्तर म्हणून 536: यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांची शतकं. त्या हंगामात सलामीला खेळणारा हिमांशू मंत्री किपरच होता आणि बंगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यानं 165 केल्या होत्या. पुढे कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून 2024 ची आयपीएलही पंडित यांच्याच नावावर लागली.

तीन संघ, सहा रणजी. हे फक्त शिस्तीच्या काठीचं फळ आहे, पंडित मिलिटरीसारखे वागतात म्हणून जिंकतात, असं सांगणारेही बरेच आहेत. त्यांची शिस्त कडक आहे यात वाद नाही. पण कडक प्रशिक्षक देशात कमी नाहीत. पहाटे पोरांना पळवून रणजी येत असती तर पुण्यातल्या निम्म्या शाळांकडे एकेक करंडक असता. विदर्भाचा वेगवान गोलंदाज रजनीश गुरबाणी अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतो, मध्य प्रदेशाचे तीन फलंदाज एकाच डावात शतकं ठोकतात, यामागे कुणाला कुठं, किती वेळ, कुणाविरुद्ध वापरायचं याची समज लागते. ती समज यष्टीमागे उभं राहून, आणि तीही वेगवेगळ्या संघांच्या यष्टीमागे उभं राहून येते. एकाच ड्रेसिंग रूममध्ये वीस वर्षं काढलेल्या ताऱ्याला बाकीच्या ड्रेसिंग रूम कशा चालतात याची कल्पना नसते. फिरत्या किपरला असते. त्यानं राखीव म्हणून बसलेल्याची चरफड पाहिलेली असते, कारण बहुतेक वेळा तो स्वतःच तिथं बसलेला असतो.

पंडित एकटे असते तर त्यांना अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. पण यादी लांबत जाते. मुंबईबाहेरच्या अनेक संघांसाठी खेळलेले किपर सुलक्षण कुलकर्णी 2012-13 मध्ये मुंबईला चाळिसावी रणजी मिळाली तेव्हा प्रशिक्षक होते. आसामकडून सुरुवात करून मुंबईच्या विजेत्या संघांत खेळलेले आणि पुढे त्रिपुराला गेलेले विनायक सामंत यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईनं 2018-19 ची विजय हजारे स्पर्धा जिंकली. समीर दिघे यांचं तर कसोटी पदार्पणच वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झालं: मार्च 2001, चेन्नई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध मालिकेचा निकाल लावणारी कसोटी. 155 धावांचा पाठलाग करताना विकेट पडत गेल्या आणि दिघे एका टोकाला नाबाद 22 वर उभे राहिले, हरभजननं विजयी धावा काढल्या, भारत दोन गडी राखून जिंकला. सहा कसोटींची कारकीर्द. पण ती चेन्नईतली 22 त्या मालिकेतून वजा करून दाखवावी कुणीतरी.

बेसबॉलमध्ये तर हे गृहीतच धरलं जातं. ब्रूस बोची हा नऊ हंगाम तीन संघांत राखीव कॅचर होता, खेळाडू म्हणून फार कुणाला आठवणार नाही असा. व्यवस्थापक झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोबरोबर 2010, 2012 आणि 2014, आणि टेक्सासबरोबर 2023 अशी चार जगज्जेतेपदं. ज्यो टोरे, माईक सोशिया, ज्यो जिरार्डी हे सगळे मूळचे कॅचर. तिथं कुणी त्यांना ‘खेळता येत नव्हतं म्हणून शिकवायला लागले’ असं म्हणत नाही.

आता विरोधकांच्या हातात एक खरा मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. ही सगळी यशाची नावं झाली. ज्यांना दुसऱ्या राज्यानंही विचारलं नाही, ज्यांचं बोट तेविसाव्या वर्षी मोडून वाकडं राहिलं, जे कोचही झाले नाहीत, त्यांचं काय? त्यांची संख्या जास्त आहे, हे कुणी नाकारू नये. लोणीतल्या बापाची काळजी पोटाची आहे आणि ती बरोबर आहे. पण ती काळजी किपरपुरती का? सतराव्या वर्षी कंबर गेलेला वेगवान गोलंदाज, अंडर-19 नंतर धावा आटलेला सलामीवीर यांची संख्याही तेवढीच मोठी आहे, आणि त्यांना मात्र ‘स्कोप’ असतो.

आणि पैशाचंच बोलायचं तर फिरत्या खेळाडूचा हिशेब आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. 2021-22 पासून बीसीसीआयनं रणजीचं मानधन सामन्यांच्या संख्येवर बांधलं: 40 पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला 60,000 रुपये, 21 ते 40 सामनेवाल्याला 50,000, त्याहून कमी असलेल्याला 40,000, राखीव असला तर याच्या निम्मं. चार दिवसांचे सात साखळी सामने खेळलेल्या अनुभवी किपरला एका हंगामात 16 लाख 80 हजार मिळतात. म्हणजे नियमानंच टिकून राहण्याला किंमत दिली आहे. आपल्या राज्यात राखीव बसून निम्म्या पैशांत सामन्यांची संख्या तशीच ठेवायची, की दुसऱ्या राज्यात जाऊन खेळायचं आणि वरच्या टप्प्यात पोचायचं, हा निर्णय घेताना आदित्य तरेसारखा मुंबईला रणजी जिंकून दिलेला कर्णधारही उत्तराखंडला जातो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तरेचं नाव निघालंच आहे तर तो अंतिम सामनाही आठवावा. फेब्रुवारी 2016, गहुंजे. सौराष्ट्राविरुद्ध मुंबई एक डाव आणि 21 धावांनी जिंकली. कर्णधार किपर तरे, प्रशिक्षक किपर पंडित. पुणेकरांना त्या सामन्यातलं काय आठवतं विचारा. श्रेयस अय्यरचं शतक आणि हंगामातल्या त्याच्या 1321 धावा. दोन वर्षं आधी, 2013-14 मध्ये, महाराष्ट्रानं वानखेडेवर मुंबईला हरवलं, दोन दशकांनंतर रणजीचा अंतिम सामना गाठला आणि हैदराबादला कर्नाटकाकडून हरला. त्या हंगामातल्या केदार जाधवच्या 1223 धावा पाठ असलेले लोक कट्ट्याकट्ट्यावर भेटतात. त्या संघाचा कर्णधार कोण होता विचारलं की शांतता. पुण्याचा किपर रोहित मोटवानी. विदर्भाचा अक्षय वाडकरही किपर. 2017-18 च्या अंतिम सामन्यात शतक, 2024-25 मध्ये कर्णधार म्हणून रणजी. भारताकडून एकही सामना नाही.

जुन्या पिढीत हेमंत कानिटकर होते. महाराष्ट्राचे किपर-फलंदाज, 1974 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळुरूला कसोटी पदार्पणात 65, आणि पुढची एक कसोटी झाल्यावर संधी बंद. त्यांच्या पाच हजारांवर प्रथम श्रेणी धावा महाराष्ट्राच्या उपयोगी पडल्या आणि त्यांच्या घरातून हृषिकेश कानिटकर पुढे आला. दोन कसोटींवरून हेमंत कानिटकरांना वाया गेलेले म्हणण्याची छाती पुण्यात तरी कुणाची होणार नाही. मग तोच न्याय आजच्या फिरत्या पोरांना का नको?

मागणी फार मोठी नाही. चौदा-सोळा वर्षांखालच्या सामन्यांत स्कोअरर असतोच. त्याच्या वहीत किपरकडे आलेल्या संधी, सुटलेल्या संधी आणि अडवलेले लेगचे चेंडू एवढे तीन रकाने वाढवता येतील. निवड चाचणीत किपरला दहा मिनिटं थ्रो-डाउनवर झेल द्यायचे आणि मग अर्धा तास त्याची बॅटिंग बघायची, हा प्रकार बंद करून त्याला फिरकीपुढे यष्टीजवळ किमान सहा षटकं उभं करावं. सोलापूर रस्त्यावरच्या अकादम्यांत फलंदाजीचा कोच असतो, गोलंदाजीचा असतो, आता बॉलिंग मशीनही असतं. किपिंगचा कोच बहुतेक ठिकाणी नसतो आणि त्याचं काम ज्याच्यापाशी वेळ असेल तो करतो. आसाम, त्रिपुरा, रेल्वे, मध्य प्रदेश फिरून आलेले किपर महाराष्ट्रात आहेत. त्यांना आठवड्यातून दोन दिवस बोलवायला मशीनपेक्षा कमी खर्च येईल.